चार पंजे

माझ्या जाकिटाच्या टोपीला लावलेली केसाळ पट्टी गीदोंनी दोन बोटांत धरली, तोंडाजवळ नेली आणि तिच्यावर हळूच फुंकर मारली. केस दुभंगले. वरचे लांब, काळ्या टोकांचे केस बाजूला झाले आणि आतली राखाडी, दाट लव दिसली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती नीट पाहिली. "डिसेंबरातला आहे," ते म्हणाले. "पाठीचा तुकडा. इकडचाच असणार. हा फिका रंग बघ."

२००८चा नोव्हेंबर होता. नवऱ्याला सस्कॅचेवानमधल्या पोटॅशच्या खाणीत नोकरी लागली होती आणि यॉर्कटनजवळच्या एका लहान गावात येऊन आम्हाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. दुकानात सगळ्यात उबदार म्हणून जे जाकीट दाखवलं, ते मी घेतलं होतं. त्या केसांखाली कधी एखादं जनावर होतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. "कुणाचे आहेत हे केस?" मी विचारलं.

"कायओट."

पुस्तकात वाचलेला 'कोयोटी' तो हाच, हे कळायला मला थोडा वेळ लागला. शहरातली माणसं 'कायओटी' म्हणतात, गव्हाच्या मुलखातली 'कायओट' म्हणून तिथेच थांबतात. मूळ शब्द मेक्सिकोतल्या अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतला, 'कोयोत्ल'. स्पॅनिश लोकांनी तो उचलला आणि तिथून तो उत्तरेला आला. १८२३मध्ये टॉमस से या अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञाने त्याला कॅनिस लेट्रान्स म्हणजे भुंकणारा कुत्रा असं शास्त्रीय नाव दिलं. आपल्याकडे कोल्हा आहे, लांडगा आहे, खोकड आहे, पण हा त्यांच्यातला कुणीच नाही. कोल्ह्याहून थोराड, माळावरच्या आपल्या लांडग्याहून जरा लहान. गोठलेल्या शेतातून तो तिरक्या चालीने जातो, मध्येच थांबतो आणि मान वळवून मागे बघतो. गीदो म्हणत, त्याचं हे मागे वळून बघणंच त्याला मारतं.

गीदो म्हणजे आमचे घरमालक. त्यांचे वडील सहा वर्षांचे असताना गॅलिशियातून, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधून, आईबापांबरोबर कॅनडात आले. तेव्हा कॅनडा सरकार दहा डॉलर नोंदणी घेऊन १६० एकर गवताळ जमीन देत होतं. अट एवढीच, की ती नांगरायची आणि तिथे राहायचं. पहिल्या महायुद्धापूर्वी लाखाहून अधिक युक्रेनी माणसं अशी आली. त्यांच्या घरांत आजोबांना 'गीदो' म्हणतात आणि आजीला 'बाबा'. गीदोंच्या बायकोला 'बाबा' अशी हाक मारायला माझी जीभ वर्षभर वळत नव्हती, कारण माझे बाबा पुण्यात होते.

गीदो १९३१चे. माझे आजोबाही त्याच सालचे, साताऱ्यातल्या माण तालुक्यातले. दोघांचीही शेतं पावसाच्या भरवशावर. एकाला बर्फाने छळलं, दुसऱ्याला उन्हाने. कातड्याबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते या दोघांनी सांगितलेलं आहे.

गीदो हिवाळ्यातच गोष्टी सांगत. उन्हाळ्यात त्यांना वेळ नसे. संध्याकाळी लवकर अंधार पडला की बाबा बिटाच्या सुपाचं पातेलं चुलीवर ठेवायच्या आणि गीदो खुर्ची खिडकीकडे ओढायचे. बाहेर उणे तीस. उणे चाळीसला सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्ही आकडे एक होतात, हे मला त्यांनी शिकवलं. असल्या थंडीत कधी अचानक बाहेरून कोल्हेकुई सुरू व्हायची. दुसरा शब्द मला सुचत नाही, पण ती आपल्या कोल्हेकुईपेक्षा जास्त नाटकी, जास्त लयदार. वाटायचं, दहा-पंधरा जनावरं अंगणात शिरली आहेत. गीदो बोट वर करून ऐकायचे आणि म्हणायचे, "दोन." एवढ्या आवाजात दोनच? "दोनच. नर आणि मादी. प्रत्येक जण सूर बदलत राहतो, म्हणून कळप वाटतो. शेजारच्या हद्दीतल्यांना घाबरवायचं असतं."

हे ऐकलं की मला आमच्या गावची भालू, म्हणजे कोल्हीण, आठवायची. भालू ओरडली की आजी उठून दाराला कडी घालायची आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या मरणाची बातमी येते का याची वाट बघायची.

गीदोंच्या गोष्टी वडिलांच्या आठवणींपासून सुरू होत आणि त्यांच्याही पलीकडे जात. त्यांच्या वडिलांबरोबर मळणीला एक म्हातारा मेटी माणूस यायचा. मेटी म्हणजे फ्रेंच किंवा स्कॉटिश व्यापारी आणि तिथल्या मूळ रहिवासी बायका यांच्या वंशातले लोक, फरच्या व्यापारातूनच जन्मलेला समाज. त्या म्हाताऱ्याने आपल्या बापाकडून ऐकलेली गोष्ट गीदोंच्या वडिलांना सांगितली, त्यांनी गीदोंना आणि गीदोंनी मला. गोष्ट लांडगेमारांची होती. १८६०-७०च्या दशकात मोंटानातून माणसं यायची. एक रानगवा मारायचा, तो गरम असतानाच त्याच्या मांसात स्ट्रिक्नीन भरायचं आणि रात्रभर झोपायचं. सकाळी गव्याभोवती लांडगे, कोयोटी, खोकडं मरून पडलेली. थंडीने कडक झालेली धुडं गोळा करायची, ऊन पडलं की सोलायची. नाकोडा आणि ब्लॅकफुट या मूळ रहिवाशांची कुत्रीही त्याच विषाने मरायची. ते लोक या लांडगेमारांचा मनापासून तिरस्कार करायचे. १ जून १८७३ला सायप्रस हिल्समध्ये असल्याच लांडगेमारांच्या टोळीने, घोडा चोरल्याच्या संशयावरून, नाकोडांच्या तळावर गोळ्या झाडल्या. किमान वीस माणसं मेली, त्यांत बायका-मुलंही होती. कॅनडाने नुकताच कायदा करून ठरवलेलं घोडेस्वार पोलीस दल त्यानंतर घाईघाईने उभं राहिलं आणि पुढच्या वर्षी पश्चिमेकडे निघालं. लाल कोटातल्या ज्या पोलिसाचं चित्र कॅनडाच्या भेटकार्डांवर असतं, त्याच्या मागे कातड्यांचा हा हिशेब आहे.

"विष घालणारा शिकारी नव्हे," गीदो म्हणायचे. "त्याला जनावर माहीतच नसतं. तो झोपलेला असतो."

फरचा व्यापार मात्र त्याच्याही फार आधीचा. तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला ते १६७०चं साल. त्याच सालच्या मे महिन्यात लंडनमध्ये दुसऱ्या चार्ल्सने हडसन्स बे कंपनीला सनद दिली आणि हडसनच्या उपसागरात उतरणाऱ्या सगळ्या नद्यांचं खोरं तिच्या नावे केलं. त्या खोऱ्यात कोण राहतं हे कुणी विचारलं नाही. ईस्ट इंडिया कंपनीची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्या कंपनीला हवा होता बीव्हर, कारण त्याच्या लवेपासून युरोपात टोप्यांचा नमदा व्हायचा. बीव्हरचं एक उत्तम कातडं हेच चलन. बंदूक इतक्या बीव्हरांची, कांबळं इतक्यांचं. कोयोटीला त्या यादीत फार मान नव्हता. त्याचे दिवस यायला दोनशे वर्षं जावी लागली. आणि ते आले तोवर रानगवे संपले होते, गवताळ प्रदेशातले लांडगेही संपले होते. मोठा भाऊ गेला आणि धाकट्याला मोकळं रान मिळालं. आज कोयोटी अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पनामापर्यंत आहे, शिकागो शहरात राहतो. माणसाने इतकं मारूनही वाढलेलं जनावर म्हणून त्याच्याबद्दल गीदोंच्या बोलण्यात एक आदर असायचा. "मारले की उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, मग पिल्लं जास्त होतात," ते म्हणायचे. "आम्ही त्यांना संपवू शकलो नाही. बरं झालं."

गीदोंच्या लहानपणी, तिशीच्या दशकात, आठ-नऊ वर्षं दुष्काळ होता. माती उडून खिडक्यांच्या फटींतून घरात यायची, बाबांच्या सासूबाई ताटं पालथी मांडायच्या. गव्हाला भाव नाही आणि गहूही नाही. मोटारीत पेट्रोल घालायला पैसे नव्हते म्हणून लोकांनी इंजिनं काढून मोटारींना घोडे जुंपले आणि त्या गाड्यांना तेव्हाच्या पंतप्रधानाचं नाव देऊन 'बेनेट बग्गी' म्हटलं. त्या दिवसांत रोख पैसा यायचा तो जनावरांतून. पोरं जमिनीतल्या खारी, म्हणजे गोफर, मारून शेपट्या जमा करायची. शेपटीमागे एक सेंट. ही रीत जुनी होती. १ मे १९१७ला सस्कॅचेवानमध्ये शाळाशाळांतून गोफर दिन पाळला गेला आणि पोरांनी एका दिवसात पाच लाखांच्या वर गोफर मारले. युद्धकाळात गहू वाचवायचा होता. गीदो म्हणायचे, "शेपटी कापून जनावर टाकून द्यायला मी सहाव्या वर्षी शिकलो. कातडं सोडवायला दहाव्या वर्षी. दुसरं शिकल्यावर पहिल्याची लाज वाटायला लागली." हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं होतं.

भावाचा चमत्कार त्यांनी पुढे पाहिला. १९६२मध्ये जॅकलीन केनेडी बिबट्याच्या कातड्याचा कोट घालून दिसल्या आणि ठिपक्यांची हौस जगभर पसरली. बिबटे इतके मारले गेले, की राष्ट्रांना एकत्र बसावं लागलं. भारताने १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा केला, १९७५मध्ये वन्यप्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला. ठिपकेवाल्या मांजरांचा बाजार बंद व्हायला लागला. मग युरोपातल्या कोट शिवणाऱ्यांनी लांब केसांकडे मोर्चा वळवला. लिंक्स, तांबडं खोकड, कोयोटी. वीसेक वर्षं ज्या कातड्याला कुणी विचारत नव्हतं, त्याला सत्तरच्या दशकाच्या शेवटी चांगला माल असेल तर शंभर डॉलरच्या वर भाव यायला लागला. गीदो सांगत, त्या तीन हिवाळ्यांत ज्याच्याकडे बंदूक आहे असा प्रत्येक माणूस शिकारी झाला. अर्ध्या टनाच्या ट्रकमागे पेटारा, पेटाऱ्यात लांब पायांचे शिकारी कुत्रे, दोरी ओढली की दार उघडायचं. शाळामास्तरसुद्धा शनिवारी निघायचे. गीदोंनी त्या पैशांतून घराचं छप्पर बदललं आणि थोरल्या मुलीला विद्यापीठात धाडलं. आमच्या सह्याद्रीतला बिबट्या वाचला आणि त्याची किंमत सस्कॅचेवानच्या कोयोटीने मोजली, असं मी एकदा म्हणाले. गीदो बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि माझ्या मुलीची फी पण."

ऐंशीचं दशक संपता संपता सगळं कोसळलं. फरच्या विरोधातली चळवळ, पाळीव मिंकचा पूर, १९८७ची शेअरबाजाराची घसरण. त्याच साली हडसन्स बे कंपनीनेही आपला फरलिलावाचा धंदा विकून टाकला. गीदोंनी कातडी ताणून सुकवायच्या फळ्या माळ्यावर टाकल्या. पुन्हा काढल्या त्या एकविसाव्या शतकात, महागड्या जाकिटांच्या टोप्यांना कोयोटीच्या पट्ट्या लागायला लागल्यावर.

या पट्टीला नुसती शोभा म्हणणारा माणूस उणे तीसमध्ये चाललेला नाही. लांब, कमीजास्त उंचीचे राठ केस वारा अडवतात आणि फोडतात. चेहऱ्यापुढे स्थिर हवेचा एक खळगा तयार होतो आणि श्वासाची ऊब तिथे थोडी टिकते. श्वासाने केसांवर हिमकण साचतात, पण ते चिकटून बसत नाहीत. हाताने झटकले की पडतात. लोकरीच्या मफलरीची त्याच वाटेत पत्र्यासारखी पाटी होते. हे मी बसथांब्यावर स्वतः अनुभवलं आहे.

कातडं सोडवताना मी पहिल्यांदा पाहिलं ते जानेवारी २००९मध्ये. मीच विचारलं होतं. जाकीट अंगावर घालते, तर हेही बघायला हवं, असं वाटलं.

गॅरेजमध्ये लाकडाची शेगडी पेटलेली होती. गोठून आलेला नर दोन दिवस उबेला ठेवून मऊ झाला होता. बाहेर कडाक्यात ठेवल्यामुळे त्याच्या अंगावरच्या पिसवा मेल्या होत्या. गीदोंनी मला हातमोजे दिले आणि स्वतःही घातले. या जनावरांच्या पोटात असतो त्या फीतजंताची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात गाठी होतात. मागचे दोन पाय दोन आकड्यांना, डोकं खाली. त्यांनी सुरी टाचेपाशी टेकवली आणि मांडीच्या मागून, जिथे पाठीचा काळपट केस संपतो आणि पोटाचा पांढरा सुरू होतो, नेमकी त्या रेषेवरून शेपटीच्या मुळापर्यंत आणली. मग दुसरा पाय. पोट फाडायचं नाही. कातडं पिशवीसारखं अख्खं उतरवायचं, मोजा काढावा तसं. शेपटीचं हाड दोन काठ्यांच्या चिमट्यात धरून ओढलं आणि ते पांढरं, ओलं, सर्रकन बाहेर आलं. शेपूट रिकामी लोंबायला लागली. तिथून पुढे सुरीचं काम फार थोडं. मुठीने, अंगठ्याने दाबत कातडं खाली उतरायचं, मध्ये पातळ पांढरा पापुद्रा फाटल्याचा बारीक आवाज येत राहायचा, ओल्या कागदासारखा. पुढचे पाय बाहीतून हात काढावा तसे काढले. मानेपाशी पुन्हा सुरी. कानाचं कूर्च मुळातून कापलं. डोळ्यांपाशी मात्र गीदोंचा श्वास थांबायचा. हाडाला अगदी चिकटून, पापणी न फाटता. मग ओठ. शेवटी नाक, काळं, ओलसर, कातड्याबरोबर सुटून आलं.

वीस मिनिटं लागली. आकड्याला जे उरलं ते लालसर, लहानखुरं, कुणीही असू शकलं असतं. मला मळमळलं नाही. मी त्या हातांकडे बघत होते.

बाबांनी कातडं घेतलं आणि भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात रक्त धुऊन काढलं. छातीशी गोळीचं बारकं भोक होतं. गीदो हलकी, लहान गोळी वापरायचे. ती आत फुटते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडत नाही. बाबांनी भोक आतून बारीक टाक्यांनी शिवलं, असं, की केसांच्या बाजूने काही कळू नये. मग ते निमुळत्या फळीवर चढलं. फळ्या गीदोंच्या वडिलांनी स्प्रूसच्या लाकडाच्या केलेल्या, कडा वापरून गुळगुळीत झालेल्या. पहिल्या रात्री केस आत आणि कातडं बाहेर, म्हणजे ते सुकतं. दुसऱ्या दिवशी ते उलटायचं. केस बाहेर, कातडं आत. उलटायची वेळ नेमकी साधावी लागते. लवकर केलं तर आत कुजतं, उशीर झाला तर कडक होऊन तडकतं. गीदो रात्री दोनदा उठून बोटाने चाचपून यायचे.

त्यांचा एक नियम होता. फेब्रुवारीच्या मध्यानंतर एकही जनावर मारायचं नाही. तेव्हा त्यांचा जोड्यांचा हंगाम असतो, पाठीवरचे केस घासून जातात, कातड्याला मोल राहत नाही. "आणि मादीच्या पोटात पिल्लं असतात," बाबा पुरवणी जोडायच्या. व्यापारी जे विकत घेत नाही ते मारायचं नाही, असा तो साधा हिशेब. पण त्या हिशेबाने वर्षातले नऊ महिने ते जनावर गीदोंच्या शेतात निर्धास्त फिरायचं.

त्या रात्री झोप आली नाही. डोळ्यांपुढे गॅरेज नव्हतं, आजोबांचा गोठा होता.

आजोबांच्या लहानपणी गावात बैल मेला की गावाबाहेर निरोप जायचा. माणसं यायची, धूड ओढून न्यायची, कातडं सोडवायची. ते पुढे बाभळीच्या सालीत कमावलं जायचं. त्याच कातड्याची विहिरीवर मोट. मोटेच्या पाण्यावर आमची मिरची, आमची भाजी. त्याच कातड्याच्या वहाणा, नाडे, जत्रेतली हलगी. आणि ज्याने ते सोडवलं तो आमच्या अंगणाच्या कडेला उभा, त्याच्या ओंजळीत पाणी वरून ओतलेलं. आजोबा हे सांगताना मान खाली घालायचे. १९२७च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, ही लाचारीची कामं सोडा. आमच्या गावात ते शब्द पोचायला वेळ लागला, पण पोचले. १९५६च्या धर्मांतरानंतरच्या एका उन्हाळ्यात आमचा बैल मेला आणि निरोपाला उत्तर आलं, "आता तुमचं तुम्ही बघा." गावाने तोंड वाकडं केलं. पंचविशीतले आजोबा सुरी घेऊन बसले. बैलासारखा बैल, चांगलं कातडं जाऊ द्यायचं कसं? तासाभरात त्यांनी चार ठिकाणी कापलं, शेवटी खड्डा खणून सगळंच पुरलं. "हात लावला तेव्हा कळलं," ते म्हणायचे, "केवढी विद्या आपण दाराबाहेर उभी केली होती."

मी गीदोंना हे सांगितलं. ज्याला विद्या येते त्याच्या हातचं पाणी चालत नाही, हे त्यांना समजेना. त्यांनी दोनदा विचारलं. बाबांनी पेरोगीची ताटली पुढे सरकवली. तेच हात, रक्त धुतलेले.

मग २००९चा हिवाळा आला. वासरं, कोकरं मारली जातात अशा तक्रारी वाढल्या होत्या. त्या खोट्या नव्हत्या. आमच्या रस्त्यावरच्या एका घराची सात कोकरं एका आठवड्यात गेली, त्या घरची बाई शेतात उभी राहून रडताना मी पाहिली. माझ्या आजोबांच्या कळपात लांडगा शिरायचा तेव्हा घरात अशीच रड व्हायची. गावातले मेंढके मात्र त्याला लांडग्याचा वाटा म्हणत आणि पुढे चालू लागत. एवढं मन आमच्या घराला जमलं नाही. प्रांत सरकारने नोव्हेंबरमध्ये इनाम जाहीर केलं. एका कोयोटीमागे वीस डॉलर. पुरावा म्हणून चार पंजे आणायचे.

त्या वर्षी मंदीने फरचा बाजार आधीच पडलेला होता. एक कातडं सोडवायचं, धुवायचं, खरवडायचं, फळीवर चढवायचं, उलटायचं. पंजे कापायला दोन मिनिटं. काहींनी दोन्ही केलं, पुष्कळांनी पंजेच कापले. गावकचेरीसमोर ट्रक थांबायचे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या उतरायच्या. मार्च संपेपर्यंत सत्तर हजारांच्या वर कोयोटी नोंदले गेले. फेब्रुवारीच्या मध्यानंतरचेही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. रस्त्याच्या कडेच्या चरांतून पाणी वाहायला लागलं आणि आत काय आहे ते दिसलं. गीदोंनी मला गाडीतून नेलं, बोलले काहीच नाहीत. पहिला आमच्या फाट्यापासून अर्ध्या मैलावर. पुढे दोन एकत्र. चारही पाय मनगटापासून तुटलेले, बाकी सगळं अंग शाबूत, पाठीचे केस पाण्यात हलत होते. गीदो चरात उतरले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, रबरी बुटांत. त्यांनी चिमटीत केस धरून ओढले. मूठभर केस हातात आले, खाली निळसर कातडं. "सुटले," ते म्हणाले. केस सुटले म्हणजे कातडं गेलं. त्यांनी फुंकर मारली नाही. ती मादी होती. पोट फुगलेलं होतं आणि ते नुसतं कुजून फुगलेलं नव्हतं.

त्या दिवशी गीदोंनी अकरा खड्डे खणले. जमीन वीतभर खाली अजून गोठलेली होती, पहार लागत होती. मी फावडं धरलं. शेवटच्या खड्ड्यापाशी ते टेकून बसले आणि म्हणाले, "मी आयुष्यात किती मारले त्याचा हिशेब नाही. तीन हजार असतील. प्रत्येकाला मी हात लावला आहे." पुढे काही बोलले नाहीत. मी पण नाही.

ते इनाम एकाच हिवाळ्यापुरतं राहिलं. पुढच्या दशकात जाकिटांमुळे फरचा भाव पुन्हा चढला आणि गीदोंच्या नातवाने फळ्या मागून नेल्या. गीदो २०१७च्या शरदात गेले. आम्ही २०१९मध्ये पुण्याला परतलो. त्याच वर्षी हडसन्स बे कंपनीच्या लिलावाचा वारसा चालवणारं टोरोंटोचं मोठं लिलावघर बुडालं. नॉर्थ बेचं, फासेकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीचं लिलावघर तेवढं उरलं. २०२१मध्ये जाकिटांच्या सगळ्यात नावाजलेल्या कॅनेडियन कंपनीने फर वापरणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. आणि २०२५च्या जूनपर्यंत हडसन्स बे कंपनीचीच सगळी दुकानं बंद झाली, ३५५ वर्षांनी. त्या आठवड्यात मी बाबांना फोन केला. त्यांना आता कमी ऐकू येतं. मी दुकानांबद्दल विचारलं आणि त्या कोयोटींबद्दल सांगत राहिल्या. यंदा कोठाराखाली मादीने पिल्लं घातली आहेत, पाच आहेत, नातवाला अजून सांगितलेलं नाही.

माझं ते जाकीट पुण्यात कशाला लागतंय? ट्रंकेत असतं, कडुनिंबाच्या पाल्यात, आजीच्या शालूशेजारी. दसऱ्यानंतर ऊन दाखवायला काढते. एका कोपऱ्यात कसर लागली होती, तिथे बाबांचे टाके आहेत. केसांच्या बाजूने दिसत नाहीत. यंदा गच्चीवर आठ वर्षांची भाची आली होती. तिने पट्टीवरून हात फिरवला आणि विचारलं, "मावशी, हे कुणाचे केस आहेत?"

मी पट्टी तिच्या तोंडासमोर धरली. "फुंकर मार," म्हटलं. "जोरात नको. हळू."